नावांची वही मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ : सर जोसेफ डाल्टन हूकर

फाल्गुनाच्या सुमारास विदर्भातल्या माळांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर पळस फुलतो. गावच्या माणसाला तो पळस म्हणूनच ठाऊक असतो. हिंदी मुलखात तो ढाक होतो, तर संस्कृतात किंशुक. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र या एकाच वृक्षाची दोन लॅटिन नावे आढळतात. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत तो ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ आहे, तर आजच्या ग्रंथांत ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’. झाड तेच, फूल तेच. बदलले ते केवळ नाव. परंतु शंभर वर्षांपूर्वीची आणि आजची नोंद नावांची सांगड न घालता एकाच संगणकात भरली, तर एक जात नामशेष झाली आणि तिच्या जागी दुसरी आली, असा निष्कर्ष यंत्र बिनदिक्कत काढील. जंगले घटत असताना आणि कोणती वनस्पती कोठे उरली आहे याचा हिशेब जगभर मांडला जात असताना असा घोळ परवडणारा नाही.

हा घोळ संगणकाच्या जन्माआधी कित्येक दशके ज्यांनी ओळखला आणि तो आवरण्यासाठी आयुष्याचा मोठा भाग खर्ची घातला, त्यांत सर जोसेफ डाल्टन हूकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. चार्ल्स डार्विन यांचे जिवलग मित्र, हिमालयाचे प्रवासी, लंडनजवळच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाचे संचालक आणि भारतीय वनस्पतींच्या सात खंडांच्या ग्रंथाचे कर्ते, अशी त्यांची ओळख आहे. तथापि आज जगभरच्या पर्यावरण अभ्यासकांना रोज उपयोगी पडणारी त्यांची कामगिरी म्हणजे वनस्पतींच्या नावांची वही.

बालपण आणि दक्षिणेची सफर

जोसेफ यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हेल्सवर्थ येथे झाला. वडील विल्यम जॅक्सन हूकर हे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८२० मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि जोसेफ सातव्या वर्षापासून वडिलांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला. घरात वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, परदेशाहून येणारी पत्रे आणि बियांची पाकिटे यांचाच राबता असे. १८३९ मध्ये त्यांनी ग्लासगोहून वैद्यकाची पदवी घेतली. रुग्ण तपासण्यापेक्षा दूरदेशीची झाडे पाहण्याची ओढ अधिक होती; पण त्या काळी आरमाराच्या जहाजावर निसर्गअभ्यासकाला शिरकाव मिळे तो बहुधा वैद्य म्हणूनच.

त्याच वर्षी कॅप्टन जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत, ‘एरेबस’ या जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून ते निघाले. वय अवघे बावीस. चार वर्षांत त्यांनी केर्गेलेन बेट, टास्मानिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि बर्फाने वेढलेला दक्षिण समुद्र पाहिला. हजारो मैल समुद्र मध्ये असलेल्या भूभागांवर सारख्याच वनस्पती कशा, हा प्रश्न त्यांच्या मनात तेथेच रुजला. परंतु तो सोडविण्याआधी आणखी एक अडचण उभी राहिली. टास्मानियातील झाडाला एक नाव, न्यूझीलंडमधील तशाच झाडाला दुसरे आणि दक्षिण अमेरिकेतील झाडाला तिसरे नाव दिलेले असेल, तर ती झाडे एकच आहेत हे कळणार तरी कसे? नावांचा गुंता सुटल्याशिवाय वनस्पतींचा भूगोल लिहिता येणार नाही, हे त्यांनी उमेदीच्या काळातच जाणले.

मोहिमेवरून परतल्यावर १८४३ मध्ये डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सजीवांच्या जाती स्थिर नसून बदलत जातात, हा आपला विचार डार्विन यांनी जानेवारी १८४४ मध्ये ज्यांच्याजवळ बोलून दाखविला ते हूकरच. पुढे १ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र मांडले गेले, त्यामागे भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांच्याबरोबर हूकर यांचाच पुढाकार होता.

हिमालयातील दिवस

१८४८ च्या जानेवारीत हूकर कलकत्त्याला उतरले. तेथून त्यांनी दार्जिलिंग गाठले आणि तिबेट व नेपाळचे जाणकार ब्रायन हॉजसन यांच्या घरी मुक्काम ठोकला. पुढची दोन वर्षे सिक्कीमच्या दऱ्याखोऱ्यांत भटकण्यात गेली. लेपचा मदतनीसांशिवाय हे काम होणे अशक्य होते. जंगलातील झाडाझुडपांची त्यांना असलेली माहिती हाच या संग्रहाचा पहिला आधार होता. सिक्कीममधील रोडोडेंड्रॉनच्या अनेक जाती हूकर यांनी पाश्चात्त्य जगापुढे आणल्या आणि त्यांच्या चित्रग्रंथामुळे इंग्लंडमधील बागांत या फुलझाडांचे वेडच लागले.

या प्रवासाला राजकारणाचीही किनार होती. परवानगी नसताना तिबेटच्या सीमेपलीकडे गेल्याचे निमित्त झाले आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणाने हूकर व दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांना अटकेत ठेवले. डिसेंबरअखेर दोघांची सुटका झाली. मात्र त्याचा वचपा म्हणून इंग्रजांनी सिक्कीमचा दक्षिणेकडील प्रदेश ताब्यात घेतला. त्या काळचे वनस्पतिशास्त्र साम्राज्याच्या सावलीत वाढले, हे हूकर यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

१८५० मध्ये मित्र थॉमस थॉमसन यांच्यासह खासी टेकड्या व आसाम पाहून ते १८५१ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी डार्विन यांचे गुरू जॉन हेन्स्लो यांची कन्या फ्रान्सिस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८५५ मध्ये थॉमसन यांच्या सहकार्याने त्यांनी भारतीय वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. हा उपक्रम पहिल्याच खंडावर थांबला, पण त्याची दीर्घ प्रस्तावना महत्त्वाची ठरली. क्षुल्लक फरक दिसताच नवी जात जाहीर करण्याच्या सवयीवर तिच्यात कडक टीका होती. एकाच वनस्पतीला पंजाबात एक, निलगिरीत दुसरे आणि जावा बेटावर तिसरे नाव पडते आणि खरी संख्या कोणालाच कळत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

जोडणारे आणि तोडणारे

येथूनच हूकर यांच्या आयुष्यातील मोठा वाद सुरू होतो. वनस्पतिशास्त्रज्ञांत दोन प्रवृत्ती नेहमीच असतात. बारीकसारीक भेद बाजूला ठेवून अनेक जाती एकीत सामावून घेणारे ते जोडणारे. आणि प्रत्येक भेदाला स्वतंत्र जातीचा मान देणारे ते तोडणारे. हूकर हे जोडणाऱ्यांचे अग्रणी होते.

न्यूझीलंडमधील विल्यम कोलेन्सो यांच्याशी त्यांचे मतभेद याच कारणाने झाले. कोलेन्सो हे मिशनचे मुद्रक. ते माओरी भाषा जाणणारे आणि रानावनांत पायी हिंडणारे होते. १८४१ मध्ये हूकर यांचे जहाज न्यूझीलंडला लागले तेव्हा दोघांची भेट झाली. पुढे अनेक वर्षे कोलेन्सो यांनी क्यूकडे वनस्पतींचे नमुने पाठविले. मात्र त्यांना ज्या वनस्पती वेगळ्या वाटत, त्यांतील अनेक हूकर यांनी जुन्याच जातींत घातल्या. जिवंत झाड त्याच्या जागी ऋतूमागून ऋतू पाहणारा खरा, की जगभरचे वाळवलेले नमुने एका टेबलावर मांडून तुलना करणारा खरा, असा हा पेच होता. हूकर यांचा कौल टेबलाच्या बाजूने होता.

त्यांच्या भूमिकेत तथ्य होते. एका खोऱ्यातील दोन झाडे वेगळी भासली, तरी मधल्या प्रदेशांतील शंभर नमुने पाहिल्यावर तो भेद विरघळून जातो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा अनुभवले होते. पण त्या भूमिकेला सत्तेचाही वास होता. नमुने वसाहतींतून यायचे आणि नावे लंडनमध्ये ठरायची. कोलेन्सो यांनी नंतर स्वतः जाहीर केलेल्या अनेक जाती आज स्वतंत्र मानल्या जात नाहीत, हे खरे. तितकेच हेही खरे, की हूकर यांच्या काळी एक मानलेल्या कित्येक जाती पुढील संशोधकांना पुन्हा वेगळ्या कराव्या लागल्या. या वादात अखेरचा शब्द कोणाचाच ठरला नाही.

क्यूचा कारभार

१८५५ मध्ये हूकर क्यूचे साहाय्यक संचालक झाले आणि वडिलांच्या निधनानंतर १८६५ मध्ये संचालक. पुढील वीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. हा काळ सुखाचा होता असे नाही. १८६३ मध्ये सहा वर्षांची लाडकी मुलगी दगावली. १८७४ मध्ये पत्नी फ्रान्सिस गेली. सरकार दरबारी बांधकाम खात्याचे प्रमुख ॲक्टन एअर्टन यांच्याशी अधिकारावरून झालेला त्यांचा संघर्ष १८७२ मध्ये थेट संसदेपर्यंत पोहोचला. या धामधुमीतच १८७३ ते १८७८ अशी पाच वर्षे ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८७७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

जॉर्ज बेंथॅम यांच्या साथीने लिहिलेला ‘जेनेरा प्लँटॅरम’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८६२ ते १८८३ या काळात पूर्ण झाला. त्यात बियांपासून उगवणाऱ्या, त्या वेळी ज्ञात असलेल्या वनस्पतींची २०२ कुळांत आणि ७,५६९ प्रजातींत मांडणी केली होती. जातींची संख्या ९७,२०५ धरली होती. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कोणालाही ‘बेंथॅम आणि हूकर’ ही जोडी विसरता येणार नाही. भारतातील वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह याच क्रमाने कपाटांत लावले गेले.

दुसरीकडे भारतीय वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ अशी पंचवीस वर्षे चालला. पश्चिम भारताचाही त्याच्याशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक निवृत्तीनंतर क्यू येथेच बसून काम करीत होते आणि १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील अभ्यासक आजही तो चाळतात.

डार्विन यांची इच्छा

हूकर यांच्या हातून झालेल्या सर्वांत टिकाऊ कामाची कल्पना मात्र त्यांची नव्हती. डार्विन यांना आपल्या प्रयोगांसाठी जगभरातून वनस्पतींची माहिती येत असे आणि कोणते नाव नेमके कोणत्या झाडाचे, हे ठरविताना त्यांची दमछाक होई. हाताशी होती ती १८४० च्या सुमाराची जुनी नामावली. अशी सूची नव्याने व्हावी, यासाठी आपण पैसा देऊ, अशी इच्छा त्यांनी हूकर यांच्याकडे व्यक्त केली. एप्रिल १८८२ मध्ये डार्विन निवर्तले. पण कुटुंबीयांनी शब्द पाळला. हूकर यांच्या देखरेखीखाली बेंजामिन डेडन जॅक्सन यांनी दशकभर खपून ही सूची तयार केली आणि १८९३ ते १८९५ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘इंडेक्स क्यूएन्सिस’. निवृत्त होऊन सत्तरी ओलांडलेल्या हूकर यांनी तिची मुद्रिते स्वतः तपासली.

लिनिअस यांच्या १७५३ मधील ग्रंथापासून १८८५ पर्यंत बीजधारी वनस्पतींना देण्यात आलेली सुमारे चार लाख नावे या सूचीत होती. प्रत्येक नावापुढे ते देणाऱ्याचे नाव, ते कोणत्या ग्रंथात छापले गेले आणि वनस्पती कोणत्या प्रदेशातील, एवढी माहिती. जी नावे ग्राह्य नव्हती ती तिरक्या टाइपात छापून त्यांच्यापुढे ग्राह्य नाव दिले होते. या रचनेतील खरे शहाणपण असे, की चुकीचे किंवा बाद झालेले नाव वहीतून खोडले नाही. एकदा छापलेले नाव कोणत्या तरी जुन्या अहवालात, कोणत्या तरी वाळक्या नमुन्याच्या चिठ्ठीवर कायमचे राहते. ते वहीतून पुसले, तर त्या नोंदीपर्यंत जाणारी वाटच बंद होते.

पळसाचे नाव का बदलले?

या वहीतही एक दोष होता आणि पळसाची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. लामार्क यांनी १७८५ मध्ये पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून ‘एरिथ्रिना मोनोस्पर्मा’ म्हटले होते. पुढे विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याच्यासाठी ‘ब्युटिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानून ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ हे नाव दिले. क्यूचा शिरस्ता असा होता, की योग्य प्रजातीत वनस्पती गेल्यावर तिला जे पहिले नाव मिळाले तेच धरायचे. त्याआधी चुकीच्या प्रजातीत मिळालेल्या नावाचा हक्क मानायचा नाही. रूढ नाव वारंवार बदलू नये, हा त्यामागचा व्यवहारी हेतू. म्हणून हूकर यांच्या ग्रंथात पळस ‘फ्रॉन्डोसा’ राहिला.

इतर देशांतील शास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. सर्वांत जुना शब्द, मग तो कोणत्याही प्रजातीत दिलेला असो, तोच टिकला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातच १८९१ मध्ये जर्मनीच्या ओटो कुंट्झे यांनी हा नियम टोकाला नेऊन सुमारे तीस हजार नावे बदलण्याचा घाट घातला आणि सर्वत्र खळबळ उडाली. अखेर १९०५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने क्यूचा शिरस्ता फेटाळला; जुन्या शब्दाला अग्रमान मिळाला. त्याचबरोबर प्रजातींची काही रूढ नावे नियमाला अपवाद करून राखून ठेवण्याचीही सोय केली. जुन्याचा हक्क आणि रूढीची सोय यांत तडजोड झाली. तौबर्ट यांनी १८९४ मध्ये सुचविलेले ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ हे नाव त्यामुळे पळसाचे ग्राह्य नाव ठरले.

नावे बदलण्याचे दुसरे कारण ज्ञानाचे आहे. हूकर यांच्या ग्रंथातील ‘अकेशिया अरॅबिका’ म्हणजे आपली बाभूळ. ती पुढे ‘अकेशिया निलोटिका’ झाली आणि अकेशियाचे तुकडे पडल्यावर ‘व्हॅचेलिया निलोटिका’. बेंथॅम-हूकर यांच्या मांडणीत निर्गुडीच्या शेजारी असलेला साग, निर्गुडीसह, आता तुळशीच्या कुळात गणला जातो. १९९८ पासून जनुकांच्या आधारे फुलझाडांच्या कुळांची नवी मांडणी झाली, तिचा हा परिणाम.

वहीपासून संगणकापर्यंत

‘इंडेक्स क्यूएन्सिस’च्या पुरवण्या हूकर यांच्या पश्चातही निघत राहिल्या. मात्र ग्राह्य-अग्राह्य असा निवाडा करणे पुढे थांबले. नाव कोणी, कोठे, केव्हा दिले एवढेच नोंदवले जाऊ लागले. कारण निवाडा मतानुसार बदलतो, छापलेल्या नावाची नोंद बदलत नाही. हीच सूची, अमेरिकेतील हार्वर्डची सूची आणि ऑस्ट्रेलियाची सूची एकत्र करून १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती नामसूची संगणकावर खुली झाली. तिच्यात प्रत्येक नावाला स्वतंत्र क्रमांक आहे. कोणते नाव ग्राह्य, याचा निर्णय क्यूने २०१७ मध्ये सुरू केलेल्या वेगळ्या संकेतस्थळावर दिला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत वनस्पतींची दहा लाखांहून अधिक नावे होती आणि ग्राह्य जाती होत्या सुमारे साडेतीन लाख. म्हणजे सरासरीने एका वनस्पतीच्या वाट्याला तीन नावे!

अनेक देशांच्या जंगलांतील नोंदी एकत्र करणाऱ्या अभ्यासकांना त्यामुळे तीन गोष्टी पाळाव्या लागतात. क्षेत्रावर लिहिलेले मूळ नाव कधीही पुसायचे नाही. त्याचे आजचे रूप वेगळ्या रकान्यात मांडायचे. आणि ते कोणत्या यादीवरून, कोणत्या तारखेला ठरविले, हे नमूद करायचे. दोन जाती एक झाल्या तर जुन्या नोंदी सहज जोडता येतात. पण एका जातीच्या दोन झाल्या, तर जुनी नोंद कोणत्या वाट्याला जाते हे नावावरून सांगता येत नाही. तेव्हा वाळवून ठेवलेला नमुनाच साक्ष देतो. हूकर यांनी क्यूच्या कपाटांसाठी केलेला आटापिटा किती दूरदर्शी होता, हे अशा वेळी उमजते.

अखेरपर्यंत तेरडा

१८८५ मध्ये निवृत्त झाल्यावर हूकर सनिंगडेल येथे राहू लागले. १८७६ मध्ये त्यांनी हायसिंथ जार्डिन यांच्याशी दुसरा विवाह केला होता. अखेरच्या वर्षांत त्यांनी तेरड्याचा वर्ग अभ्यासाला घेतला. पावसाळ्यात सह्याद्रीचे कडे गुलाबी करणारी ही नाजूक फुले वाळवली की चुरगळतात आणि त्यांचे भेद ओळखणे महाकठीण होते. नव्वदी पार केलेला हा वृद्ध भिंगाखाली एकेक पाकळी उलगडत बसे. आयुष्यभर जाती कमी करण्याचा आग्रह धरणाऱ्या हूकर यांनी तेरड्याच्या मात्र अनेक नव्या जाती वर्णिल्या. पुरावा वेगळे सांगत असेल तर जोडणाऱ्यालाही तोडावे लागते, हे त्यांनी कृतीनेच मान्य केले.

१० डिसेंबर १९११ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत डार्विन यांच्या सान्निध्यात दफनाचा मान देऊ करण्यात आला होता. परंतु क्यूच्या सेंट ॲन चर्चमध्ये वडिलांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या संग्रहालयात त्यांनी सिक्कीमहून आणलेले नमुने आजही आहेत. काहींच्या कागदावर एकाखाली एक अशा नावांच्या अनेक चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतात. नवी चिठ्ठी लावताना जुनी काढायची नाही, हा तेथील दंडक आजही पाळला जातो.